मल्टीच्या फाटकाचे कार्ड, पाकिटातील कार्ड आणि ब्लूटूथ : यांपैकी खरी काळजी कशाची करावी?

सुदामानगर_सचिव

नमस्कार. इंदूरच्या सुदामानगर भागातील एका मल्टीच्या, म्हणजे बहुमजली इमारतीच्या, रहिवासी समितीचे काम सध्या माझ्याकडे आहे. मुख्य फाटकावर आणि लिफ्टजवळ कार्ड टेकवून उघडणारी कुलपे बसवावीत, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. कार्ड दोन-तीन बोटांच्या अंतरावर आणल्याशिवाय यंत्र ते वाचूच शकत नाही आणि म्हणून त्याची नक्कल होणे अशक्य आहे, असे पुरवठादाराच्या माहितीपत्रकात ठासून लिहिले आहे. हे विधान मला पटत नाही. पण ते का पटत नाही हे बैठकीत नीट मांडता येईल इतकी माहिती माझ्याजवळ नाही.

मागच्या बैठकीत हा विषय निघाला आणि चर्चा फाटकावरून भलतीकडे गेली. एका ज्येष्ठ सदस्यांनी मनगटी घड्याळाने गाडीच्या काचेवरील फास्टॅग वाचून पैसे काढल्याची चित्रफीत सर्वांना दाखवली. दुसऱ्या सदस्यांच्या मते सराफा बाजारातील रात्रीच्या गर्दीत कोणीही खिशाला यंत्र लावून बँकेच्या कार्डातून रक्कम वळती करू शकतो, म्हणून प्रत्येक घराने धातूचा पत्रा असलेली पाकिटे घ्यावीत. तिसऱ्यांनी ब्लूटूथ हा प्रकारच फोनमधून कायमचा बंद ठेवावा असे सुचवले.

त्यातच माझ्या भाचीचा प्रसंग घडला. ती भंवरकुआ भागात शिकवणीला जाते. गेल्या आठवड्यात तिच्या फोनवर एक सूचना आली, की दुसऱ्या कोणाचा तरी माग काढणारा टॅग तिच्याबरोबर प्रवास करीत आहे. तिने घाबरून सूचना पुसून टाकली आणि घरी येऊन सांगितले. आता या सूचनेचा अर्थ काय, तिने पुढे काय करावे आणि आम्ही मल्टीच्या फाटकाबाबत पुरवठादाराला नेमके कोणते प्रश्न विचारावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तरंगलांबी

सचिव महोदय, मी तंत्रनिकेतनात बरीच वर्षे दळणवळण हा विषय शिकवला आहे, त्यामुळे अंतराच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

टेकवून वापरायची बँकेची कार्डे १३.५६ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर चालतात. कार्डात बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच कार्डातील चिपला वीज मिळते आणि हे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होत असल्यामुळे सर्वसाधारण यंत्राला कार्ड चार-पाच सेंटिमीटरांच्या आत यावे लागते. पुरवठादाराचे विधान इथपर्यंत बरोबर आहे. मात्र हे अंतर त्या विशिष्ट यंत्राचे आहे, तंत्रज्ञानाची ती अंतिम मर्यादा नव्हे. मोठी अँटेना आणि अधिक शक्ती वापरली तर अंतर वाढते, आणि कार्ड व वाचकयंत्र यांच्यात चालू असलेला संवाद नुसता चोरून ऐकायचा असेल तर तो त्याहूनही दूरवरून ऐकता येतो, कारण तेव्हा कार्डाला वीज पुरवण्याचे काम चोराला करावे लागत नाही.

ब्लूटूथच्या बाबतीत तर हे जुन्या काळीच सिद्ध झाले आहे. फोनमधील ब्लूटूथ दहा मीटरच चालते अशी समजूत असताना २००४ मध्ये अमेरिकेतील काही हौशी तंत्रज्ञांनी बंदुकीच्या दस्त्यावर दिशादर्शी अँटेना बसवून मैलाहून अधिक अंतरावरील फोनशी संपर्क साधून दाखवला होता.

याशिवाय पुनःप्रक्षेपणाचा एक मार्ग आहे, ज्यात अंतराला काही अर्थच उरत नाही. मालकाच्या खिशात किल्ली असताना आपोआप उघडणाऱ्या, म्हणजे बिनकिल्लीच्या म्हटल्या जाणाऱ्या गाडीचे उदाहरण घ्या. एक माणूस तुमच्या खिशातील किल्लीजवळ उभा राहतो, दुसरा गाडीजवळ, आणि दोघांकडील यंत्रे इकडचा संदेश तिकडे पोहोचवतात. गाडीला वाटते की मालक दाराशी आला आहे. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांची दहा बिनकिल्लीची मोटार-मॉडेले तपासली आणि दहाही या युक्तीने उघडली. यात कोणतेही कूट, म्हणजे संदेशाचे सांकेतिक संरक्षण, फोडावे लागले नाही. संदेश जाऊन परत येण्यास लागलेला वेळ मोजणारे अल्ट्रा-वाइडबँड तंत्र आता काही महागड्या गाड्यांत येऊ लागले आहे, ते याच कारणाने.

फास्टॅगची चित्रफीत मात्र खोटी आहे. ती जून २०२२ मध्ये देशभर फिरली होती आणि राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) तेव्हाच तिचे खंडन केले होते. फास्टॅग ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि काही मीटरांवरून वाचला जातो हे खरे. पण टॅग वाचणे आणि पैसे मिळवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रक्कम वळती होते ती नोंदणीकृत टोलनाका किंवा वाहनतळ आणि बँक यांच्यामधील बंदिस्त व्यवस्थेतून. देवास मार्गावरच्या नाक्यावर काच पुसणाऱ्या मुलाच्या घड्याळाला त्या व्यवस्थेत प्रवेश नाही. टॅगमधून त्याला मिळालाच तर एक क्रमांक मिळेल, आणि गाडीचा क्रमांक तर तसाही पाटीवर लिहिलेला असतो.

निवृत्त_रोखपाल

तरंगलांबी सरांच्या विवेचनाला बँकेच्या बाजूची जोड देतो.

टेकवून वापरण्याचे कार्ड एखाद्याने खिशाबाहेरून वाचलेच, तर त्याला बहुधा कार्डाचा क्रमांक आणि मुदत मिळते. मागच्या बाजूला छापलेला तीन आकडी क्रमांक चिपमधून मिळत नाही, आणि प्रत्येक व्यवहारासाठी चिप नवीन सांकेतिक मजकूर तयार करीत असल्यामुळे एका व्यवहाराची नक्कल दुसऱ्यांदा चालत नाही. गर्दीत खरेखुरे विक्रीयंत्र (दुकानात कार्डाने पैसे घेण्याचे यंत्र) लावूनच पैसे काढायचे म्हटले, तर ते यंत्र कोणत्या तरी व्यापाऱ्याच्या खात्याशी जोडलेले असावे लागते. म्हणजे चोर आपला पत्ता स्वतःच बँकेत नोंदवून चोरीला निघाला असे होईल. असे कधीच घडत नाही असे मी म्हणणार नाही, पण सराफ्यातील गर्दीत पाकीट मारले जाण्याची भीती यापेक्षा कितीतरी अधिक वास्तव आहे.

पिन न टाकता टेकवून करता येणाऱ्या व्यवहाराची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून दोन हजारांऐवजी पाच हजार रुपये झाली. त्याआधी, जानेवारी २०२० मध्ये, रिझर्व्ह बँकेने एक फार उपयुक्त आदेश काढला होता. नवे कार्ड केवळ देशातील एटीएम आणि विक्रीयंत्रात घालून वापरण्यापुरतेच चालू असावे. टेकवून वापर, इंटरनेटवरील वापर आणि परदेशातील वापर हे तिन्ही ग्राहकाने स्वतः सुरू करावेत आणि हवे तेव्हा बंद करता यावेत, असे त्यात म्हटले आहे. हे खटके बँकेच्या ॲपमध्ये असतात. धातूचे पाकीट घेण्याऐवजी दोन मिनिटे देऊन परदेशातील वापर बंद करावा, कारण आपल्याकडील संकेतस्थळे दुसरी पडताळणी मागतात, परदेशी संकेतस्थळे ती मागतीलच असे नाही. पाकीट घेतल्याने नुकसान नाही, पण त्याने ज्या चोरीपासून संरक्षण मिळते ती चोरी मुळातच विरळ आहे.

सध्या अधिक घातक ठरणारी पद्धत वेगळीच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ईसेट या सुरक्षा-कंपनीने एनगेट नावाच्या अँड्रॉइड विषाणूची माहिती दिली. त्याची लक्ष्ये चेक प्रजासत्ताकातील बँकांचे ग्राहक होते. फोन करून किंवा संदेश पाठवून ग्राहकाला बँकेचे म्हणून एक ॲप घ्यायला लावायचे, पडताळणीच्या नावाखाली त्याचेच कार्ड त्याच्याच फोनच्या मागे टेकवायला लावायचे, पिन टाकायला सांगायचे, आणि त्या क्षणी कार्डाचा संवाद इंटरनेटवरून एटीएमपाशी उभ्या असलेल्या साथीदाराच्या फोनवर पोहोचवायचा, अशी त्याची रीत होती. खिशाला कोणी हात लावत नाही, मालक स्वतःच कार्ड टेकवतो. ज्येष्ठ सदस्यांना सांगायचेच असेल तर एवढे सांगा, की आपले कार्ड आपल्याच फोनला टेकवायला सांगणारा माणूस कोणत्याही बँकेचा नसतो.

एवढे करूनही अनधिकृत व्यवहार झाला, तर १९३० या सायबर-फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि बँकेत तत्काळ तक्रार करावी. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाकडून झालेल्या फसवणुकीची सूचना तीन कामकाजी दिवसांत दिली, तर ग्राहकावर कोणताही भार येऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितले आहे. मात्र पिन आपणच कोणाला दिला असेल तर हे संरक्षण लागू होत नाही.

राजवाडा_ते_विजयनगर

एवढ्या चर्चेची गरज काय, हे मला कळत नाही. ब्लूटूथ बंद, टेकवून देण्याची सोय बंद, फाटकाला नेहमीचे कुलूप आणि तेथे एक जागरूक चौकीदार, एवढ्याने सर्व प्रश्न मिटतात. आमच्या मल्टीत हेच चालू आहे आणि आजवर कोणाचे काही गेलेले नाही.

बिनतारी_बाराखडी

आपल्या चौकीदाराविषयी आदर राखून सांगते, की ब्लूटूथ बंद ठेवणे हे वाटते तितके सोपे राहिलेले नाही. आयफोनमध्ये वरून ओढलेल्या पट्टीतील ब्लूटूथचे चिन्ह दाबले तर २०१७ पासून ब्लूटूथ बंद होत नाही. बहुतेक उपकरणे फक्त दुसऱ्या दिवसापर्यंत तुटतात. पूर्ण बंद करायचे तर सेटिंग्जमध्ये जावे लागते. अनेक अँड्रॉइड फोनांत स्थानाच्या सेटिंगखाली ब्लूटूथ स्कॅनिंग असा वेगळा खटका असतो आणि तो चालू असेल तर ब्लूटूथ बंद दिसत असतानाही फोन आसपासची उपकरणे शोधत राहतो. शिवाय श्रवणयंत्र किंवा साखर मोजणारा संवेदक वापरणाऱ्यांना ब्लूटूथ बंद ठेवण्याचा सल्ला देताच येत नाही. मी सुपर कॉरिडॉरवरील एका कंपनीत सुरक्षा-चाचणीचे काम करते, त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहिते.

ब्लूटूथमध्ये दोन प्रकारचे दोष सापडत आले आहेत. काही दोष एखाद्या उत्पादकाने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, तर काही खुद्द मानकातच, म्हणजे सर्व उत्पादकांसाठी ठरवलेल्या ब्लूटूथच्या नियमावलीतच, असतात. २०१७ मधील ब्लूबोर्न हा पहिल्या प्रकारचा समूह होता. फोनचे ब्लूटूथ चालू असणे एवढेच त्याला पुरत होते, जोडणीची संमती देण्याची गरज नव्हती. २०१९ मध्ये उघडकीस आलेला नॉब हा दुसऱ्या प्रकारचा दोष होता. दोन उपकरणे जोडली जाताना संवाद गुप्त ठेवणाऱ्या सांकेतिक किल्लीची लांबी किती ठेवायची हे आपसांत ठरवतात, आणि या ठरवाठरवीला स्वतःचे काहीच संरक्षण नव्हते. मधला चोर ती लांबी एका बाइटवर आणू शकत होता, म्हणजे किल्लीच्या शक्यता उरल्या फक्त २५६. त्यानंतर मानकात किमान सात बाइटांची शिफारस आली. डिसेंबर २०२३ मध्ये समोर आलेल्या दोषात हल्लेखोर स्वतःला बिनतारी कीबोर्ड म्हणवून फोनशी जोडून घेऊ शकत होता आणि मालकाच्या संमतीशिवाय कळा दाबल्यासारखे आदेश पाठवू शकत होता. अँड्रॉइड ११ आणि त्यापुढील आवृत्त्यांना त्यावरची दुरुस्ती मिळाली, दहा आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना मिळाली नाही. म्हणून घरातील जुना फोन आजोबांना वापरायला देताना त्याची आवृत्ती जरूर पाहावी, आणि त्यावर बँकेचे ॲप तर ठेवूच नये.

फोनांना निदान दुरुस्त्या मिळतात. कानात घालायच्या इअरबड्सची स्थिती याहून वाईट आहे. जून २०२५ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी एरोहा या कंपनीच्या चिपमधील दोष जाहीर केले. अनेक परिचित ब्रँडांच्या हेडफोनांत हीच चिप असते, आणि जवळ उभा असलेला माणूस जोडणी न करताच हेडफोनच्या स्मृतीत शिरून फोनबरोबरची गुप्त किल्ली मिळवू शकत होता. जानेवारी २०२६ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की गूगलच्या झटपट जोडणीची सोय असलेले कित्येक इअरबड्स जोडणीच्या अवस्थेत नसतानाही परक्याची जोडणी स्वीकारतात. अशा दोषावरची दुरुस्ती उत्पादकाच्या ॲपमधून येते आणि ते ॲप बहुतेक लोक फोनमध्ये ठेवतच नाहीत. जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये बिनब्रँडचे जे स्वस्त इअरबड्स मिळतात, त्यांना तर ॲपही नसते, म्हणजे विकत घेतल्या दिवशी जो दोष असेल तो शेवटपर्यंत राहणार. गाणी ऐकायला ते खुशाल वापरावेत; गोपनीय बोलणे मात्र त्यांवरून करू नये.

गोपनीयतेचा मुद्दा याहून वेगळा आहे, कारण त्यासाठी कोणताही दोष लागत नाही. आधुनिक फोन आपला ब्लूटूथ पत्ता साधारण पंधरा मिनिटांनी बदलत राहतात, जेणेकरून दुकानातील किंवा रस्त्यावरील यंत्राला तोच माणूस परत आला हे कळू नये. मात्र त्याच माणसाच्या मनगटावरील, पावले मोजणारा पट्टा पत्ता बदलत नसेल तर या सगळ्याचा उपयोग काय? टोरांटोच्या सिटिझन लॅबने २०१६ मध्ये असे आठ पट्टे आणि घड्याळे तपासली, तेव्हा त्यांतील एकाच घड्याळाचा पत्ता बदलत होता. आणि आपण फोनला स्वतःचे पूर्ण नाव देऊन ठेवतो ते निराळेच. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत बाकावर बसून ब्लूटूथची यादी उघडली, तर आसपासच्या काही मंडळींची नावे न विचारता कळू शकतात.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. उज्जैनला जाण्यासाठी भाड्याची गाडी घेतली आणि गाणी लावायला फोन तिच्या पडद्याशी जोडला, की गाडी बहुधा फोनमधील संपर्कयादी आणि कॉलची नोंद मागते, आणि आपण घाईत परवानगी देऊन मोकळे होतो. गाडी परत करताना त्या यादीतून आपला फोन काढून टाकावा. जुनी गाडी विकतानाही हेच करावे. मी स्वतः भाड्याच्या गाड्यांच्या पडद्यावर आधीच्या प्रवाशांच्या फोनांची नावे नेहमी पाहते.

आता आपल्या फाटकाविषयी, कारण या सगळ्यात मला सर्वांत अधिक काळजी त्याचीच वाटते. स्वस्त प्रस्तावांत बहुतेक वेळा १२५ किलोहर्ट्झची कार्डे असतात. हे कार्ड कोणतीही खातरजमा न करता प्रत्येक वाचकाला तोच एक क्रमांक सांगते. चौकीदाराने चेहरा न पाहता केवळ ‘मी देशपांडे’ एवढे ऐकून फाटक उघडावे, तसा हा प्रकार आहे. अशा कार्डाची नक्कल करणारे हातात मावणारे यंत्र कोणालाही इंटरनेटवरून मागवता येते आणि काम काही सेकंदांत होते. त्यापुढचा पर्याय म्हणून मायफेअर क्लासिक नावाचे कार्ड दाखवले जाईल. ते १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते आणि त्यात कूटलेखन आहे, परंतु त्यातील ४८ बिटांची किल्ली असलेली पद्धत २००७ ते २००८ या काळात जर्मन आणि डच संशोधकांनी पूर्णपणे फोडली. मागायचे असेल तर १२८ बिटांचे एईएस या पद्धतीचे कूटलेखन असलेले, डेसफायर नावाचे किंवा त्याच्या तोडीचे कार्ड मागावे.

मात्र येथेच फसगत होते. पुष्कळ वाचकयंत्रे महागडे कार्ड लावूनही त्यातील सुरक्षित भागाला हात लावत नाहीत, फक्त कार्डाचा अनुक्रमांक वाचतात आणि तो यादीत असला की दार उघडतात. अनुक्रमांकाची नक्कल करता येणारी कोरी कार्डे बाजारात मिळतात. म्हणून पुरवठादाराला लेखी विचारावे, की वाचकयंत्र कार्डाची कूट पडताळणी करते की केवळ अनुक्रमांक पाहते, आणि किल्ल्या आपल्या मल्टीसाठी स्वतंत्र आहेत की कारखान्यातून आल्या तशाच आहेत. या प्रश्नांची टाळाटाळ झाली तर कार्ड किती बोटांवरून वाचले जाते याला काहीही महत्त्व नाही.

वकील_नवलखा

सचिवसाहेब, आपल्या भाचीच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही आणि माझ्या मते तो सर्वांत तातडीचा आहे.

असे टॅग स्वतः इंटरनेटशी जोडलेले नसतात. ते ब्लूटूथवर हलकासा संकेत पाठवत राहतात आणि आसपासच्या अनोळखी लोकांचे फोन तो संकेत ऐकून टॅगचे स्थान मालकापर्यंत पोहोचवतात. हरवलेल्या सामानासाठी केलेली ही सोय माणसांचा माग काढण्यासाठी वापरली जाऊ लागली. ॲपलचा एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये आला तेव्हा मालकापासून दूर गेलेला टॅग तीन दिवसांनी आवाज करीत असे. दोनच महिन्यांत ती मुदत आठ ते चोवीस तासांवर आणावी लागली. पुढे ॲपल आणि गूगल यांनी एकत्र येऊन मे २०२४ पासून दोन्ही प्रकारच्या फोनांवर, अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून पुढे, आपोआप सूचना देण्याची सोय केली. आपल्या भाचीला आली ती बहुधा हीच सूचना.

तिने सूचना पुसली तरी हरकत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सुरक्षा आणि आणीबाणीच्या सेटिंगखाली अनोळखी टॅग शोधण्याचा पर्याय आहे, तेथून पुन्हा तपासता येते. टॅग सापडला तर तो फोडू किंवा फेकू नये. तो जेथे आहे तेथेच त्याचे छायाचित्र घ्यावे, फोनवरील नकाशाचे चित्र जपून ठेवावे, आणि टॅग फोनच्या मागे टेकवून उघडणाऱ्या पानावरील अनुक्रमांक लिहून घ्यावा. त्या अनुक्रमांकावरून पोलिसांना कंपनीकडे नोंदणी केलेल्या मालकाची विचारणा करता येते. नंतर बॅटरी काढली की टॅग थांबतो. स्त्रीचा पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि तक्रारीत ही चित्रे फार उपयोगी पडतात.

एक मर्यादाही लक्षात ठेवावी. गाडीला लावायची जी सिमकार्डवाली जीपीएस यंत्रे मिळतात, ती ब्लूटूथवर अवलंबून नसल्यामुळे या सूचनेत कधीच दिसणार नाहीत. सूचना आली नाही म्हणून माग काढला जात नाही, असा निष्कर्ष निघत नाही. शंका असेल तर स्कूटर ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून पाहावी.

सुदामानगर_सचिव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे भाचीने फोनवरून शोध घेतला आणि टॅग स्कूटरच्या आसनाखालील डिकीत, अवजारांच्या पिशवीत सापडला. तो माझ्या मेव्हण्यांनीच ठेवलेला निघाला. मागील वर्षी त्यांच्या शेजारची गाडी चोरीला गेली, तेव्हापासून घरातील सर्व वाहनांत त्यांनी टॅग ठेवले आहेत, परंतु कोणाला सांगितले नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार टॅग गाडीसाठी आहे, मुलीसाठी नाही. भाची मात्र फार नाराज आहे, आणि खरे सांगायचे तर मला तिची बाजू अधिक योग्य वाटते, कारण गाडी चोरीला जाईपर्यंत त्या नकाशावर रोज दिसणार ती तिचीच जा-ये. मेव्हण्यांनी टॅग तिच्या फोनवर नोंदवून देण्याचे कबूल केले आहे.

पुरवठादाराला बाराखडीताईंचे प्रश्न लेखी पाठवले. कार्ड मायफेअर क्लासिक असून वाचकयंत्र केवळ अनुक्रमांक पाहते, असे उत्तर आले. समितीने नवा प्रस्ताव मागवला आहे. त्यात आणखी काही अटी घालाव्यात का? तसेच कोण केव्हा आले-गेले याची नोंद कायमची राहील, हा गुण म्हणून सांगितला जात आहे; त्याबद्दलही मत हवे आहे.

वकील_नवलखा

नोंद कायमची ठेवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. कोणत्या घरातील माणूस रात्री केव्हा परतला, घरकामाच्या बाई किती वाजता आल्या, कोणते घर किती दिवस बंद आहे, हे सारे त्या नोंदीतून वाचता येते. चोरासाठी यापेक्षा सोयीची यादी नाही आणि कुजबुजीसाठीही नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली हे सांगणे आणि कारण संपल्यावर ती पुसणे, ही त्यातील मूळ अपेक्षा आहे. समितीने ठराव करून महिना-दीड महिन्याची मुदत ठरवावी, नोंद पाहण्याचा अधिकार दोन व्यक्तींना एकत्रच असावा, आणि पुरवठादाराकडे तिची प्रत राहणार नाही हे करारात लिहून घ्यावे.

बिनतारी_बाराखडी

अटींविषयी विचारलेत म्हणून लिहिते. वाचकयंत्रापासून कुलपाच्या नियंत्रकापर्यंत जी तार जाते, तिच्यावर बहुतेक ठिकाणी वीगँड नावाची जुनी पद्धत चालते, आणि तिच्यात कूटलेखन नसते. फाटकाबाहेरील यंत्राचे दोन स्क्रू काढून तारेला लहानसे यंत्र जोडले, तर कार्ड कितीही चांगले असले तरी त्याचा क्रमांक तेथे उघडाच मिळतो. म्हणून त्या तारेसाठी ओएसडीपी ही नवी पद्धत सुरक्षित वाहिनीसह, म्हणजे तारेवरील संदेशांच्या कूटलेखनासह, मागावी, आणि तेवढा खर्च परवडत नसेल तर निदान झाकण उघडताच इशारा देणारे यंत्र घ्यावे आणि नियंत्रक फाटकाच्या आत, कुलूपबंद पेटीत बसवावा.

हरवलेले कार्ड त्याच दिवशी यादीतून काढण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी असावी. काम सोडून गेलेल्या चौकीदाराचे कार्ड चालूच राहिले, तर नक्कल करण्याची गरजही कोणाला पडत नाही. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाकडे सर्व दारे उघडणारे एखादे मास्टर कार्ड राहते का, हेही विचारावे, कारण तसे कार्ड त्याच्या इतर ग्राहकांच्या मल्टींमध्येही चालत असण्याची शक्यता असते. वीज गेल्यावर आतून बाहेर पडण्याचा मार्ग कार्डाशिवाय उघडला पाहिजे, आणि हे काम स्वीकारण्यापूर्वी समितीने मुख्य स्विच बंद करून स्वतः तपासावे.